लसूण गिळायची की ठेचायची?

ठाण्यात उपवनच्या तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींमध्ये आरोग्याचा एक नियम इतका पक्का आहे की त्यावर वाद घालण्याची कोणाची छाती होत नाही. सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी लसणीची एक पाकळी पाण्याबरोबर गिळून टाकायची. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सांधेदुखी, सर्दी, गॅसेस असे सगळे त्या एका पाकळीच्या भरवशावर सोडलेले असते. चावली तर जीभ पोळते आणि तोंडाला वास येतो, म्हणून ती अख्खीच गिळायची, असे त्यामागचे तर्कशास्त्र. मला या पद्धतीबद्दल स्वयंपाक करणारी म्हणून एक तक्रार आहे आणि आरोग्याविषयी चार गोष्टी वाचणारी म्हणून दुसरी. आणि गंमत अशी की दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

अख्ख्या, न दुखावलेल्या लसणीला जवळजवळ वास नसतो. हे खरे वाटत नसेल तर एक गड्डा नाकाशी धरून पाहावा. तिच्या पेशींमध्ये अ‍ॅलिइन नावाचे गंधकयुक्त द्रव्य एका जागी असते आणि अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी. सुरी फिरली, बत्ता पडला किंवा दात लागला की हे दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होते. चेस्टर कॅव्हालिटो आणि जॉन बेली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ साली ते लसणीतून वेगळे काढले आणि त्यात जीवाणूंना रोखण्याची ताकद असल्याचे दाखवून दिले. आपल्याला जो झणझणीतपणा जाणवतो, तो म्हणजे कुरतडणाऱ्या किड्यांना आणि बुरशीला दूर ठेवण्यासाठी त्या झाडाने केलेली तजवीज. म्हणजेच लसणीची चव आणि लसणीचे औषध या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्ही ठेचल्यानंतरच जन्माला येतात. अख्खी पाकळी गिळली तर ती जठरातील आम्लात जाऊन पडते, तिथे हे विकर निकामी होते आणि अ‍ॅलिसिन तयार व्हायला फारसा वाव राहत नाही. थोडक्यात, चव तर गेलीच, पण जिच्यासाठी चवीवर पाणी सोडले ती गोष्टही पुरती पदरात पडत नाही.

हे एकदा लक्षात आले की आपल्या स्वयंपाकघरातील कितीतरी सवयींचा अर्थ लागतो. लसूण जितकी अधिक चिरडली जाईल तितक्या अधिक पेशी फुटतात आणि तितकी ती तिखट लागते. म्हणूनच चवळीच्या किंवा लाल माठाच्या भाजीत चार पाकळ्या नुसत्या चेचून फोडणीत टाकल्या तर त्या भाजीच्या मातकट चवीला सौम्य साथ देतात, आणि तेवढ्याच पाकळ्या वाटून घातल्या तर भाजी बाजूला राहून लसूणच पुढे येते. ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यातील आगरी-कोळी स्वयंपाकात माशाच्या कालवणाची सुरुवात अनेकदा ठेचलेल्या लसणीच्या फोडणीने होते, आणि ती लसूण पुष्कळदा सालासकटच ठेचलेली असते. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या दिवाळे गावच्या काकूंना मी याचे कारण विचारले तेव्हा त्यांनी ‘साल असली की ती करपत नाही’ एवढे एका वाक्यात उत्तर दिले आणि पुन्हा बोंबील साफ करू लागल्या. मला ते कारण पटते. लसणीत साखरेच्या जातीची कर्बोदके भरपूर असल्यामुळे ती तापलेल्या तेलात फार लवकर तांबूस होते. तांबूसपासून काळपटपर्यंतचे अंतर क्षणांचे असते आणि काळपट झालेली लसूण इतकी कडू लागते की तिच्यावर कितीही चिंच-कोकम घातले तरी कालवण सावरत नाही.

तेलाचा आणि लसणीचा व्यवहार थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. अ‍ॅलिसिन फार नाजूक असते. उष्णता लागली की ते मोडते आणि त्यातून गंधकाचीच दुसरी संयुगे तयार होतात, ज्यांचा वास गोडसर, खमंग आणि तेलात सहज उतरणारा असतो. वरणावर ओतलेल्या लसणीच्या फोडणीने अख्खे घर दरवळते ते यामुळेच. मात्र सोललेली अख्खी पाकळी थेट गरम तेलात गेली, तर विकर आधीच मरते आणि अ‍ॅलिसिन तयार होण्याचा प्रश्नच उरत नाही. ठेचून लगेच तेलात टाकली तरी पुढचे काम तिथेच थांबते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उंदरांवर तपासलेला लसणीचा एक संरक्षक गुण मायक्रोवेव्हमध्ये अवघे एक मिनिट तापवल्यावर नाहीसा झालेला दिसला. पण तीच लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवली आणि मग तापवली, तर तो गुण काही प्रमाणात टिकून राहिला. उंदरांवरून माणसांबद्दल मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरेच, तरी या दहा मिनिटांसाठी काहीच खर्च येत नाही. आधी लसूण ठेचून ठेवावी आणि मग कांदा, कोथिंबीर, मिरची चिरायला घ्यावी, एवढा क्रम बदलला की काम झाले.

याच्या उलट, लसणीचा उग्रपणा नको असेल तर आम्लाचा उपयोग करता येतो. दह्यातल्या काकडीच्या कोशिंबिरीत किंवा हिरव्या चटणीत लसूण हवी, पण ती नाकात जाऊ नये असे वाटत असेल, तर खलबत्त्यात आधी लिंबाचा रस घालावा आणि त्यातच पाकळी ठेचावी. आम्लामुळे विकर दबते आणि चव मवाळ राहते. ठेचून झाल्यावर लिंबू पिळले तर तो परिणाम मिळत नाही, कारण तोवर अ‍ॅलिसिन तयार होऊन बसलेले असते. आम्लामुळेच कधीकधी लसणीच्या लोणच्यातील पाकळ्या हिरवट-निळ्या पडतात. तो रंग लसणीतल्याच द्रव्यांच्या प्रक्रियेने येतो आणि निरुपद्रवी असतो, तेव्हा त्यासाठी बरणी फेकून देण्याचे कारण नाही.

वडापावाच्या सुक्या चटणीबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. सुके खोबरे, लाल तिखट, मीठ आणि लसूण, एवढ्याच ऐवजावर ती उभी असते, आणि तिच्यात लसूण पूर्ण भाजून घालणाऱ्यांशी माझे जमत नाही. खोबरे मंद आचेवर भाजावे, लसूण कोरडी होण्यापुरतीच गरम तव्यावरून फिरवावी आणि मग सगळे बत्त्याने कुटावे. मिक्सरमध्ये खोबऱ्याला तेल सुटते आणि चटणीचा गोळा होतो. कुटलेल्या चटणीत लसणीचे बारीक कण अधूनमधून दाताखाली येतात, आणि बटाट्याच्या पिठूळ सारणाला जी धार हवी असते ती त्या कणांतून मिळते.

आता औषधी गुणांविषयी. लसणीवर पुष्कळ संशोधन झालेले आहे आणि त्याचा सूर आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोपांपेक्षा बराच संयत आहे. उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तींवरील अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा लसणीची भुकटी किंवा अर्क काही आठवडे नियमित घेतल्याने वरचा रक्तदाब सरासरी ८ एककांच्या आसपास उतरलेला दिसला. हा परिणाम दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण त्याच्या बळावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करणे हा निव्वळ अविचार ठरेल. कोलेस्टेरॉलचे चित्र अधिक गोंधळाचे आहे. काही चाचण्यांत थोडी घट आढळली. परंतु स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, कोलेस्टेरॉल मध्यम प्रमाणात वाढलेल्या १९२ प्रौढांना सहा महिने कच्ची लसूण, लसणीच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा नुसती बनावट गोळी देऊन पाहिले, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉलमध्ये कोणत्याही गटात उल्लेखनीय फरक पडला नाही. सर्दीबाबत एक आशादायक चाचणी वारंवार सांगितली जाते, तीत लसणीची गोळी बारा आठवडे घेणाऱ्यांना सर्दी कमी वेळा झाली. पण १४६ जणांच्या एका चाचणीवर इमारत उभी करता येत नाही. करोनाच्या काळात लसणीचे पाणी घरोघरी उकळले जात होते, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेला २०२० साली स्पष्ट सांगावे लागले की लसणीमुळे या विषाणूपासून बचाव होतो असा पुरावा नाही.

आयुर्वेदाने लसणीला मोठा मान दिला आहे. काश्यपसंहितेत तिच्यासाठी स्वतंत्र ‘लशुनकल्प’ अध्याय आहे, आणि मध्य आशियात कुचा येथे सापडलेल्या, बॉवर हस्तलिखित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन पोथीतील वैद्यकाचा भाग लसणीच्या स्तुतीनेच सुरू होतो. सहा रसांपैकी आम्ल सोडून बाकी पाचही रस तिच्यात असल्याचे ग्रंथ सांगतात. पण त्याच परंपरेने तिला उष्ण आणि तीक्ष्ण म्हटले आहे व पित्तप्रकृतीच्या माणसाला जपून खायला सांगितले आहे, हा उत्तरार्ध सांगायला लोक विसरतात. आमच्याकडे आषाढात कांदेनवमीला भजी, थालीपिठे आणि लसणीचा ठेचा यांवर आडवा हात मारून झाला की चातुर्मासात कांदा-लसूण बंद, हा आजीचा शिरस्ता होता. मी तो पाळत नाही, पण जे पाळतात त्यांची प्रकृती त्या चार महिन्यांत ढासळल्याचे मला कधी दिसलेले नाही.

काही माणसांनी मात्र खरोखरच जपायला हवे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर रोज कच्ची लसूण किंवा लसणीच्या कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर तसे आधी सांगावे, कारण लसूण रक्ताच्या गुठळ्या होण्याची क्रिया मंदावते. ज्यांचे पोट हळवे आहे त्यांना लसणीतील फ्रुक्टान या कर्बोदकामुळे पोटफुगीचा त्रास होतो. हे द्रव्य पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या आणि त्या तेलात भाजी केली, तर अशा माणसांनाही बहुधा चव मिळते आणि त्रास टळतो. ठेचलेली कच्ची लसूण दुखऱ्या गुडघ्यावर किंवा दाढेवर बांधून ठेवण्याचा उपाय तर अजिबात करू नये. त्याने कातडी अक्षरशः भाजते.

वासाबद्दलही सांगायला हवे, कारण सकाळच्या गर्दीत ठाण्याहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये हा सार्वजनिक प्रश्न होतो. लसणीतून निर्माण होणारे एक गंधकयुक्त संयुग पचनात मोडत नाही. ते रक्तात मिसळते आणि तासन् तास श्वासातून व घामातून बाहेर पडत राहते, म्हणून नुसते दात घासून भागत नाही. जेवताना दूध घेतल्याने हा वास कमी होतो, तसेच कच्चे सफरचंद किंवा पुदिना खाल्ल्यानेही. लसणीच्या ठेच्याबरोबर दूध पिणे माझ्या कल्पनेपलीकडचे असल्यामुळे मी पुदिन्यावर भागवते.

लसूण विकत घेताना भाव पाहिल्याशिवाय गत्यंतर नसते. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये येणारा बराच माल मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच भागातला असतो, त्यामुळे तिकडे पीक कमी झाले की इकडे जांभळी नाक्यावर लगेच कळते; २०२४ च्या अखेरीस किरकोळ बाजारात किलोला चारशे रुपयांच्या पुढे भाव गेला होता. मोठ्या पांढऱ्या पाकळ्या सोलायला सोप्या म्हणून लोक त्यांच्यावर तुटून पडतात. मी शक्यतो बारीक पाकळ्यांची, जांभळट सालीची गावठी लसूण घेते, कारण तिला झणका अधिक असतो. थंडीत पातीची लसूण येते, ती मात्र भाव न विचारता घ्यावी आणि बारीक चिरून गरम भाकरीवर, तुपाबरोबर, कच्चीच खावी.

गड्डे कोरड्या, हवेशीर टोपलीत ठेवावेत. फ्रिजच्या थंडाव्यात त्यांना कोंब फुटण्याची घाई होते. सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, कारण हवा न लागणाऱ्या अशा तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जीवाणू वाढू शकतात, आणि त्यांचे विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. असे तेल करायचेच असेल तर थोडे करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-चार दिवसांत संपवावे.