साधीच निघाली ना, मग?

लग्नकार्यात, शिक्षण परिषदेत, एकदा तर भाजीच्या गाड्यापाशीसुद्धा मला हा प्रश्न आलाय. "मॅडम, तुमची गाठ साधीच निघाली ना? मग सोनोग्राफी काय, मॅमोग्राफी काय, वर ती सुई! एवढं सगळं कशाला करून घेतलंत?" विचारणारीच्या मनात वाईट नसतं. बऱ्याचदा तिच्याच छातीत काहीतरी हाताला लागलेलं असतं आणि गरज नव्हती, उगाच पैसे गेले, असं तिला माझ्या तोंडून ऐकायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, हे मला सुईने तुकडा काढून तपासल्यानंतर कळलं. त्याआधी ती नुसती गाठ होती.

मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तेव्हा वय ४३. अंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेकडच्या अंगाला, सुपारीच्या खांडाएवढं काहीतरी टणक लागलं. दुखत नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दुधाची गाठ असंल गं." माझं धाकटं पोर तेव्हा नववीत होतं. जाऊबाईंनी हात लावून पाहिला आणि त्यांच्या माहेरच्या कुणाचीतरी गाठ लेपाने कशी विरघळली ते सांगितलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच ऐकून घेतलं, ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि पाळी झाली की कमी होईल म्हणाले. पाळीच्या आधी छाती जड होते, गाठाळते, आणि पाळी येऊन गेली की मऊ पडते, हे खरंच आहे. पण हात न लावता हे कुणाला कसं सांगता येईल? पाळी आली, गेली, गाठ होती तिथेच.

माझ्या घरच्यांनी मला धीर दिला, आणि तो मी घेतलाही. पण धीर देणाऱ्याकडूनच निदानही घ्यायचं, ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. जो मायेने बोलतो त्याचंच खरं मानायचं. सासूबाईंची माया खरी होती, दुधाची गाठ खरी नव्हती.

बार्शीत कॅन्सरचं मोठं रुग्णालय आहे, नर्गिस दत्त यांच्या नावाचं. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथेच सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते फिरत, बायकांशी बोलत, लक्षणं समजावून सांगत. काही वर्षांनी दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आजार पुष्कळ वाढण्याआधीच दवाखान्यात यायला लागल्या होत्या. नुसतं गावात येऊन बोलल्याने एवढा फरक पडला. इतकं सगळं हाकेच्या अंतरावर, तरी त्या फाटकातून आत जाताना कुणी ओळखीच्याने पाहिलं तर? ही भीती आमच्याकडे गाठीच्या भीतीहून मोठी आहे. मुलीचं स्थळ जमत असेल तर विचारायलाच नको. मला एकीने कळवळून सल्ला दिला होता की सोलापूरला जा, तिथे कुणी ओळखत नाही. सोलापूरला जा, पुण्याला जा, माझं काही म्हणणं नाही. पण जा.

कोणाकडे जायचं, हाही प्रश्न असतोच. बहुतेक बायका आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात, कारण ओळख तिथली असते. त्यात गैर काही नाही, पण छातीची गाठ हे सर्जनचं काम. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना 'छातीत गाठ आहे, सर्जरीची ओपीडी' एवढं म्हणायचं. सर्जन आधी बसवून बघतात, हात वर करायला लावतात, कमरेवर दाबायला लावतात, कारण कातडी कुठे आत ओढली जात असेल तर ती तेव्हाच दिसते. मग आडवं करून दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडाच्या वरची जागा. सोबत नर्स हवी. नसली तर बोलवा म्हणायचं, त्यात संकोच कसला?

त्यानंतर फोटो. तिशीच्या आतल्या मुलीला सहसा आधी सोनोग्राफीच करतात, कारण त्या वयात छाती घट्ट असते आणि मॅमोग्राफीत सगळंच पांढरं दिसतं. माझ्या वयाला दोन्ही केल्या. रिपोर्टच्या तळाशी 'बायरॅड्स ४ ए' असं लिहिलं होतं. नवऱ्याने पार्किंगमध्येच मोबाईलवर शोधलं आणि चेहरा असा केला की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. ही शून्य ते सहा अशी श्रेणी आहे. एक-दोन म्हणजे काळजी नाही. तीन म्हणजे बहुधा साधी, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. चार म्हणजे संशय आहे, तुकडा तपासा. पाच म्हणजे जवळपास खात्रीच. चारातही पायऱ्या आहेत आणि 'ए' ही सगळ्यात खालची. अशा शंभर बायकांत दोन ते दहा जणींना कॅन्सर निघतो, बाकीच्यांना नाही. नवरा म्हणाला, "म्हणजे नव्वदच्या वर टक्के तर साधीच." मी म्हटलं, "हो, पण त्या नव्वदात मी आहे का, ते या कागदावर कुठे लिहिलंय?"

तुम्ही सगळ्या कुजबुजत ज्या सुईचं विचारता, ती आता सांगते. टेबलावर जरा कुशीवर झोपवलं, डावा हात डोक्याखाली. काखेपासून खाली गार जेल. आधी भूल द्यायची बारीक सुई, ती डासापेक्षा जोरात चावली आणि मग ती जागा माझी राहिलीच नाही. ज्या सुईने तुकडा घेतात ती स्प्रिंगच्या यंत्रात बसवलेली असते आणि सुटताना खटकन आवाज करते. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी ते यंत्र आधी हवेत एकदा वाजवून दाखवलं, म्हणाल्या, "हा आवाज येईल, दचकून हलू नका." मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत खट, थांबा, परत खट. प्रत्येक वेळी सुईतून शेवयीच्या तुकड्यासारखं पांढरट काहीतरी निघे आणि छोट्या बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात पडे. काही बुडाले, एक तरंगत राहिला. मी त्या तरंगणाऱ्याकडेच बघत होते. नंतर नर्सने कापूस दाबून धरला, घट्ट पट्टी बांधली. ती जागा आधी काळीनिळी, मग हिरवी-पिवळी झाली आणि आपोआप निवळली. दुसऱ्या दिवशी मी पाचवीचा वर्ग घेतला, फक्त फळ्यावर फार वर लिहिलं नाही.

रिपोर्टात 'स्क्लेरोझिंग अ‍ॅडिनोसिस' असं आलं. दुधाच्या ग्रंथींची वाढ आणि त्यात तंतूंचं जाळं, कॅन्सर नाही. पण हिची खुबी अशी की ती हाताला टणक लागते आणि फोटोतही कधीकधी कॅन्सरसारखीच दिसते. म्हणजे सासूबाई, जाऊबाई, मी आणि पलीकडून ऐकणारे डॉक्टर, कुणाच्याही बोटांना हे ओळखता आलं नसतं. फोटो काढणाऱ्यालाही खात्री नव्हती, म्हणून तर त्याने चार लिहिलं. सर्जनने सुईचा रिपोर्ट आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून दोन्हीचं जुळतंय का ते बघितलं. जुळलं नसतं तर पुन्हा तुकडा घ्यावा लागला असता. या प्रकारात पुढचा धोका किंचित वाढतो, म्हणून मी ठरल्याप्रमाणे तपासणीला जाते. साधी निघाली म्हणजे फाईल फेकून दिली, असं नसतं.

तुमच्या प्रश्नावर मी कधीकधी जरा तुटक बोलते, त्याला कारण आहे. आमच्या केंद्रातल्या एका शिक्षिकेने मला हेच विचारलं होतं. "तुझीही दुखत नव्हती ना? तुझीही इथेच होती ना?" मी हो हो म्हणत गेले, आणि दाखवून ये असंही म्हणाले. तिने पहिलं तेवढं घेतलं. माझ्या रिपोर्टवर तिने स्वतःची गाठ साधी ठरवली. ती डॉक्टरकडे गेली तेव्हा कातडी आत ओढली गेली होती आणि काखेतही लागत होतं. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. आता ती शाळेत येते, परिपाठ घेते, केसही वाढलेत. तिचं बरं चाललंय. पण न दुखणारी गाठ साधी असते हे तिच्या डोक्यात कुठून आलं असेल, याचा विचार मी करते. खरं तर कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखली म्हणून सुटलो असंही नाही, आणि दुखत नाही म्हणून तर मुळीच नाही.

बहुतेक गाठी साध्या असतात हे मी स्वतः सांगत असते. विशीतल्या मुलीची हाताखालून सरकणारी गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे ग्रंथी आणि तंतूंची साधी गाठ, चाळिशीच्या आसपास पाण्याची गाठ, तीही सुईने पाणी काढलं की बसते. पण आपल्या देशात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे एक लाख नव्वद हजारांवर नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. 'बहुतेक' या शब्दाच्या बाहेर एवढी माणसं उभी आहेत.

म्हणजे हाताने तपासण्यात अर्थ नाही, असं मी म्हणत नाही, उलट आहे. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांची छाती हाताने तपासायच्या. यंत्र नाही, फक्त बोटं. २०२१ मध्ये निकाल छापून आला. त्या वस्त्यांत कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू तीस टक्क्यांच्या जवळपास कमी झाले होते. पण त्या सेविका काय करायच्या? काही लागलं की पुढे पाठवायच्या. 'काही नाही गं' म्हणणं हे त्यांचं काम नव्हतं. आपल्या आरोग्य केंद्रातही तिशीपुढच्या बायकांची ही तपासणी करायची असं सरकारी धोरण आहे. आशाताई बोलवायला आली की आपण शेतात नाहीतर स्वयंपाकघरात असतो, ते वेगळं.

सुईने गाठ पसरते, हे मला शिकलेल्या बायकाही सांगतात. पसरत नाही. हा समज कसा झाला असेल ते मात्र मला कळतं. बाई मुळात येतेच उशिरा, सुई लागते, निदान होतं, आणि वर्षभरात ती जाते. घरच्यांना आठवते ती सुई. खरी भीती बाळगायची तर दुसऱ्या गोष्टीची बाळगा. सुईची तपासणी न करताच 'काढून टाकू, मग बघू' म्हणून कुणी थेट चिरा द्यायला निघालं, तर आधी सुईचं विचारा. कॅन्सर निघालाच तर असं अर्धवट काढलेलं पुढच्या डॉक्टरला निस्तरावं लागतं. आणि जे काही काढलं जाईल ते तपासायला गेलंच पाहिजे. नंतर दुसरीकडे दाखवायचं झालं तर तपासलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि तो ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते मिळतात.

सोबत कोणाला न्यायचं? मी नणंदेला नेलं. ती फारशी बोलत नाही, म्हणूनच नेलं. आत डॉक्टर काय म्हणाले ते तिने वहीत लिहून घेतलं आणि परतताना एसटीत मला खिडकी दिली. नवरा तपासणीच्या खोलीत येऊ शकत नाही अशा बऱ्याच जागा असतात. त्याला रांगा, रिपोर्ट आणि पैसे ही कामं द्या, म्हणजे तोही बरा राहतो. रडणारं माणूस नेऊ नका. हसवणारं तर नकोच नको.

निदान वाईट आलं तर पैशांचा प्रश्न येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जायचं. हे मी त्या शिक्षिका मैत्रिणीबरोबर फिरताना शिकले.

आणि एवढं सगळं सांगून झालं की उठता उठता सगळ्याजणी विचारतातच, "दुखतं का हो?" हो, दुखतं. पण सुई नाही, मॅमोग्राफी. दोन पाट्यांमध्ये धरून दाबतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, पण मोजून काही सेकंद. पाळी येऊन गेल्यावरच्या आठवड्यात जा, तेव्हा कमी दुखतं. आणि साडी किंवा पंजाबी ड्रेस घाला, एकजोड गाऊन नको, वरचा भागच काढायला लागतो.