तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी दुनळी मी चकचकीत का करून देत नाही

घरातली जुनी दुनळी बंदूक नव्यासारखी करून दिली तर किंमत दुप्पट होईल, मग तुम्ही मागे का सरता? हे इतक्यांदा विचारून झालंय की एकदाच सांगून टाकतो.

तुमची नजर गंजावर असते, माझी दोन नळ्यांमधल्या रिबवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या पट्टीवर. जुन्या बंदुकीत ती बहुधा कथील-शिशाच्या डाकाने बसवलेली असते. हल्ली झटपट काळा रंग चढवायला कॉस्टिक क्षारांचं उकळतं द्रावण वापरतात, ते हा डाकच खातं. म्हणून अशा नळ्यांना काळा रंग चढवायला त्या गंजवायच्या, घासायच्या, पुन्हा गंजवायच्या. वेळखाऊ काम आहे, आणि हो, मी त्याचे पैसे घेतो. पॉलिशच्या चाकावर धरलेली बंदूक तर लांबूनच ओळखू येते: कडा गोलावलेल्या, नक्षी पुसट, स्क्रूच्या कडेने खळगे. प्रूफचे, म्हणजे नळ्यांची दाबचाचणी झाल्याचे छाप उडाले तर विषयच संपला.

मेकरचं नाव मी शेवटी वाचतो. प्रसिद्ध इंग्रजी नावाशी मिळतंजुळतं नाव कोरलेल्या बेल्जियन बंदुका काय कमी आहेत? आधी नळ्या टांगून टिचकी मारतो, डाक शाबूत असेल तर त्या घंटेसारख्या वाजतात. ब्रीच, म्हणजे नळ्यांचं मागचं तोंड, बंद केल्यावर फटीतून उजेड दिसतो का ते बघतो. मग चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा. जुन्या बाराबोरचं पुष्कळदा ६५ मिलिमीटर लांबीचं, आजची काडतुसं ७० ची. आणि नळीच्या भिंतीची जाडी.

त्या जाडीवरूनच एकदा नको ते बोलावं लागलं. एक बाई वडिलांची साइडलॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा (लॉक) बाजूच्या पट्ट्यांवर असलेली बंदूक, घेऊन आल्या. आधी कुणाकडून तरी 'दुरुस्त' करून घेतली होती. "आत बघा, एक डाग नाही," म्हणाल्या. खरंच नव्हता. बाराबोरचा आतला व्यास साधारण ०.७२९ इंच असतो, इथे गेज बराच पुढे सरकला. खड्डे घालवायला नळी आतून घासत नेली होती. डावीकडे एका जागी भिंत चौदा थाउ, म्हणजे इंचाचे चौदा हजारांश, उरलेली. वीसच्या खाली बहुतेक कारागीर हात जोडतात. मी म्हणालो, हिच्यातून आता बार काढायचा नाही.

"मग किंमत?"

दस्ता आणि लॉक, तेवढीच, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, खड्डे होते तेव्हा बाबा हिच्यातून मारत होते, आता स्वच्छ झाली तर चालत नाही, हे कसलं शास्त्र? मी भिंतीचं गणित समजावत राहिलो. त्यांना गणित नको होतं. नंतर विचारलं, नळ्या बदलता येतील?

येतात. ब्रीचचा भाग ठेवून पुढच्या नळ्या कापायच्या आणि नव्या आत बसवायच्या, स्लीव्हिंग म्हणतात त्याला. मग पुन्हा प्रूफ. मूळ नळ्यांचा भाव येत नाही, पण बंदूक चालते. पूर्वीचा मी ताडकन नाही म्हणालो असतो: सांधा दिसतो, मूळपण जातं, त्यापेक्षा भिंतीवर लावा. त्या दिवशी तसं म्हणवेना. बंदूक मारण्यासाठी घडवली होती, खिळ्यासाठी नाही. उलट, नळ्या गेल्यावर तिचं काय उरतं हा माझा पूर्वीचा प्रश्नही खोटा नाही. त्याला मी अजून गप्प करू शकलेलो नाही.

बाई विचार करून सांगते म्हणाल्या. सांगितलं नाही.

तर तुमची आणायची असेल तर आणा. फक्त येण्याआधी पॉलिश पेपर लावू नका, स्क्रू उघडू नका, आणि ती किती सुंदर दिसायला हवी हे मला सुरुवातीलाच सांगू नका.