तुम्ही विचारलंत म्हणून: ८००-१५०० मीटरचा रनर ऐन भरात कधी येतो?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे ज्यांचं पोरगं पंधराव्या वर्षीच सगळ्यांना मागे टाकतंय ते आईबाप, आणि दुसरे सत्तावीस-अठ्ठावीसचे रनर, ज्यांना वाटतं आपलं वय गेलं. आकडाच हवा असेल तर घ्या, साधारण २३ ते २८. पण तेवढ्यावर उठू नका.

८०० ला स्पीड लागतो, नुसता दम पुरत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये केनियाच्या डेव्हिड रुडिशाने पहिले ४०० मीटर ४९.२८ सेकंदात काढले, तेही सगळ्यांच्या पुढे राहून, आणि १:४०.९१ ला फिनिश, वर्ल्ड रेकॉर्ड. तेव्हा तो २३ चा होता. त्याआधीचे रेकॉर्डवाले बघा, १९८१ मध्ये सेबॅस्टियन को २४, १९९७ मध्ये विल्सन किपकेटर २४. स्पीड लवकर येतो आणि लवकर ओसरायला लागतो, उलट दम, म्हणजे एरोबिक बेस, वर्षानुवर्षं किलोमीटर टाकून हळूहळू तयार होतो, तर स्पीड उतरायच्या आत बेस तयार झाला की ती दोन-चार वर्षं माणूस उडतो. १५०० ला बेसचं काम जास्त म्हणून ते वय थोडं पुढे सरकतं असं म्हणतात, मलाही पटतं, पण मोरोक्कोच्या हिशम एल गेरूजने १९९८ मध्ये १५०० ला ३:२६.०० काढलं तेव्हा तो पण २३ चाच, आणि ते रेकॉर्ड आजही कुणाला मोडता आलेलं नाही!

आता खरी गंमत पुढे आहे. हाच एल गेरूज १९९६ ला अटलांटाच्या फायनलमध्ये शेवटचा लॅप सुरू होता होता पडला, २००० ला सिडनीत सिल्व्हरवर राहिला, आणि गोल्ड मिळालं कधी तर २००४ ला अथेन्समध्ये, तिशीला टेकलेला असताना, तेही १५०० आणि ५००० दोन्हीत. १५०० च्या फायनलचा टाइम ३:३४.१८, म्हणजे स्वतःच्या रेकॉर्डपेक्षा आठ सेकंद स्लो. रुडिशाचंही तेच, रिओला २७ व्या वर्षी १:४२.१५ मध्ये गोल्ड. घड्याळाचं वय एक आणि शर्यत जिंकायचं वय दुसरं, कारण फायनलला पेसमेकर, म्हणजे पुढे पळून स्पीड बांधून देणारा, नसतो, बॉक्स व्हायचं, म्हणजे चहूबाजूंनी घेरलं जायचं, कसं टाळायचं आणि कधी सुटायचं हे डोकं शिकत जातं. मला विचाराल तर हे दुसरं वयच जास्त इंटरेस्टिंग आहे.

बायकांमध्ये तर २८ ची रेघ फारच कच्ची वाटते. ब्रिटनच्या केली होम्सने २००४ ला अथेन्सला ८०० आणि १५०० दोन्ही जिंकलं तेव्हा ती ३४ ची. केनियाची फेथ किपयेगॉन २०१८ मध्ये आई झाली आणि तिची १५०० ची वर्ल्ड रेकॉर्डं त्यानंतरची, २९, ३० आणि ३१ व्या वर्षी, शेवटचं ३:४८.६८. (यार्मिला क्राटोखविलोव्हाचं १९८३ चं ८०० चं रेकॉर्ड ३२ व्या वर्षीचं आहे, पण त्या काळातल्या पूर्व युरोपच्या रेकॉर्डांवर लोक शंका घेतात, तिच्यावर सिद्ध काही झालं नाही, तरी मी ते उदाहरण देत नाही.)

पंधराच्या पोरांच्या आईबापांना एवढंच, की या वयात जो जिंकतो तो बऱ्याचदा नुसता लवकर वाढलेला असतो. जिम रायनसारखा १९ व्या वर्षी माईलचं रेकॉर्ड करणारा किंवा याकोब इंगेब्रिग्तसेनसारखा २० व्या वर्षी ऑलिम्पिक १५०० जिंकणारा निघतो अधूनमधून, पण त्या आशेवर पोराकडून आत्तापासून दर आठवड्याला मरणाची इंटरव्हल्स (थोडी विश्रांती घेत पुन्हा पुन्हा जोरात पळणं) करून घेऊ नका, प्लीज.

आणि सत्तावीसवाल्यांनो, चोविसाव्या वर्षी सुरू केलं असेल तर तुमचा बेस जेमतेम तीन वर्षांचा आहे, टाइम अजून बराच खाली येईल. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा वय नंतर सांगा, आधी सलग किती वर्षं इंज्युरीशिवाय ट्रेनिंग झालंय आणि ४०० चा टाइम किती ते सांगा, मग बोलू.