शिरोड्याला फुलं पाठवायची म्हणजे

मावशीची पंचाहत्तरी मार्चमध्ये आली आणि नेमकी त्याच आठवड्यात मुलाची परीक्षा, त्यामुळे मला पुण्यातून हलता येईना. साडी तिला नको असते, मिठाई डॉक्टरांनी बंद केलेली. म्हटलं, ताजी फुलं पाठवू. मावशी राहते वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याजवळच्या एका वाडीत.

एका मोठ्या वेबसाइटने पिनकोड बिनतक्रार घेतला, लाल गुलाबांचा देखणा फोटो दाखवला आणि पैसे कापून घेतले. मग फोन आला, ‘मॅडम, त्या एरियात आमचा पार्टनर नाही. कुरिअरने आर्टिफिशियल चालतील का?’ पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला प्लास्टिकचे गुलाब! पैसे परत मागितले, ते सावकाश आले. खरं तर या साइटवाल्यांकडे फुलं नसतातच. ते इथे ऑर्डर घेतात, कमिशन कापतात आणि तिथल्या दुकानदाराला कळवतात. पद्धत जुनीच आहे. अमेरिकेतल्या फूलवाल्यांनी 1910 मध्ये एकत्र येऊन तारेने एकमेकांना ऑर्डरी कळवायला सुरुवात केली होती. पण दुसऱ्या टोकाला दुकान असेल तरच ती चालते, नुसता पिनकोड असून काय उपयोग?

नकाशावर ‘फ्लोरिस्ट’ टाकलं की कुडाळ, सावंतवाडीची नावं समोर येतात. लहान गावात शोधायचा तो डेकोरेशनवाला. लग्नाचा मांडव, नवऱ्यामुलाची गाडी, बारशाचा पाळणा सजवणारा माणूसच सांगितलं की बुकेही बांधून देतो. पाटीवर तसं लिहिलेलं नसतं, एवढंच. मला नंबर मिळाला मावशीच्या शेजारच्या वहिनींकडून.

मी पहिल्याच फोनला डझनभर लाल गुलाब मागितले. तो हसला. गुलाब, जरबेरा इथे पिकत नाहीत, घाटावरून येतात, बेळगाव नाहीतर कोल्हापूरहून. ‘गाडी इली तर गुलाब, नायतर सुरंगी आसाच,’ म्हणाला. सुरंगी म्हणजे तिकडचं सुवासिक फूल. मला त्याचं हे बोलणं आवडलं. साइटवर कोणी ‘गाडी आली तर’ म्हणत नाही.

मग पत्ता. घर नंबर वगैरे काही नाही. वडाकडून खाली, व्हाळ म्हणजे ओढा ओलांडला की उजव्या हाताचं निळ्या पडवीचं घर. मी अजून सांगतेच आहे तोवर तो म्हणाला, ‘थंय माझो आतेभाव रवता, समाजला.’ पुढचा पत्ता त्यानेच मला सांगितला. निम्मे पैसे जीपेवर आगाऊ, उरलेले फोटो बघून. आणि एक अट त्याची: फुलं सकाळी दहाच्या आत पोचवणार. ऊन चढल्यावर रिक्षात बुके मान टाकतो, मग गिऱ्हाईक त्याच्या नावाने बोंब मारतं.

त्याने आणखी एक विचारलं, जे मला सुचलंच नसतं. ‘घरात आंब्याची आढी लावलीहा काय?’ लावली होती, माजघरात. तर फुलं तिथे ठेवू नका म्हणे, पडवीत ठेवा. पिकता आंबा इथिलीन वायू सोडतो आणि त्याने कार्नेशनसारखी फुलं लवकर मिटतात. याला वायूचं नाव माहीत नव्हतं, पण शेजारच्या फळवाल्यापायी त्याची फुलं बऱ्याचदा वाया गेली होती.

वाढदिवसाच्या सकाळी फोटो आला. गाडी आली होती, पण गुलाब अर्धेच चांगले निघाले, म्हणून त्याने पिवळे जरबेरे घालून भर केली. बाजूला केळीच्या पानात, मी न मागितलेला, सुरंगीचा वळेसार, म्हणजे गजरा. जवळून घेतलेल्या फोटोत केळीच्या सोपटाचा दोरासुद्धा दिसत होता आणि त्यात दाटीने ओवलेली, पिवळ्या केसरांची फुलं. सुरंगी थेट फांदीला धरते, झाडं उंच, आणि कळे उन्हं वर यायच्या आत काढावे लागतात. एकदा उमलून गेली की हाती काही लागत नाही. म्हणजे कुणीतरी अंधारात शिडी लावून झाडावर चढलं असणार. त्या वळेसाराचे त्याने शंभर रुपये लावले. बुकेचे सहाशे, रिक्षाचे दीडशे. महाग काय असेल तर बुकेच, असं माझं मत.

मावशीचा फोन आला तो वळेसारावरूनच. ‘ह्यो कोणी केल्यान?’ हे तिने आधी विचारलं, मग कोणत्या वाडीतली सुरंगी असेल याचा तर्क बराच वेळ चालला. बुकेबद्दल ‘हो, आला, बरा आहे’ एवढंच.

आता मी त्यालाच फोन करते. कुठली फुलं हवीत हे सांगत नाही, बजेट सांगते आणि आज काय आहे ते विचारते. सुरंगी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, पावसाळ्यात सोनचाफा, अबोली. घरी कोण असेल त्याचा नंबर आधीच देऊन ठेवते, कारण वाडीत मावशीच्या फोनला रेंज नसते आणि रिक्षावाला व्हाळापाशी थांबून हाका मारत बसतो. लग्नाची मोठी तिथी असेल तर तो स्वतःच नको म्हणतो. आणि चवथीच्या आठवड्याबद्दल त्याने आधीच बजावून ठेवलंय: ‘ताई, तेव्हा माका फोन करू नकात. मी उचलूचंय नाय.’