खोडायला सांगितलेली रीडिंग्ज

सांगलीत एमएस्सी फिजिक्सच्या मुलांचे प्रोजेक्ट माझ्याकडे असतात. प्रोजेक्ट व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून एक्स्टर्नल परीक्षक येतात, बहुतेक जण फाईलचं बाइंडिंग बघतात, ग्राफला टायटल आहे का विचारतात आणि चहा पिऊन जातात. यंदाचे सर मात्र खरंच वाचणारे निघाले, आणि त्यांच्याशी झालेला वाद अजून डोक्यातून जात नाहीये.

तासगावकडची एक मुलगी, तिचा विषय मेटास्टेबल अवस्था (काही काळच टिकणारी, कायमची स्थिर नसलेली) आणि नॉइज, म्हणजे रँडम धक्के. खड्ड्यात बसलेला कण, शेजारी उंचवटा, पलीकडे नुसता उतार. भौतिकशास्त्रज्ञ क्रॅमर्सने १९४० मध्ये दाखवलेलं आपण वर्गात शिकवतो, की नॉइज जितका जास्त तितका कण लवकर उंचवटा ओलांडून पळतो. पण १९९६ मध्ये इटलीतल्या पालेर्मोच्या मांतेन्या आणि स्पान्योलो या संशोधकांनी टनेल डायोडच्या सर्किटवर उलटं मोजून दाखवलं, नॉइज वाढवत नेला तर टिकण्याची सरासरी वेळ आधी वाढते आणि मग कमी होते, म्हणजे थोडा नॉइज अवस्थेला जास्त स्थिर करतो. हे आपल्या लॅबमध्ये दिसतंय का, एवढाच तिचा प्रश्न.

सर्किट तिने स्वतः बांधलं आणि मला त्याचा फार अभिमान आहे. त्यात कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज x म्हणजेच कणाची जागा. पोटेन्शियल, म्हणजे खड्ड्या-उंचवट्याचा आकार, ०.३x² − ०.२x³, म्हणजे खड्डा शून्यावर, माथा १ वर आणि १.५ ला उतार परत खड्ड्याच्या तळाच्या पातळीला येतो. पोटेन्शियल घनाचं असलं तरी बल वर्गाचंच, त्यामुळे दोन व्होल्टेजचा गुणाकार करणारी एकच एडी६३३ मल्टिप्लायर चिप पुरते, आणि ती महाग असते म्हणून हे सुचणं मोठं. तिचं आउटपुट दहाने भागून येतं, ती दहापट पुढच्या ऑप-ॲम्पने (ॲम्प्लिफायर चिपने) भरून काढायची. नॉइजसाठी १२ व्होल्टचा झेनर डायोड उलटा लावून, कारण कमी व्होल्टचे झेनर फार शांत असतात. सगळं दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर, कारण मेन्सवर चालवलं की ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरते आणि मग तो नॉइज रँडम राहतच नाही. कॅपॅसिटर माथ्याच्या जरासा पलीकडे, १.२ व्होल्टला धरायचा, सोडायचा, आणि किती वेळात पळतो ते आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डने मोजायचं.

झेनर बंद असताना दर रनला जवळपास तोच वेळ, काही मिलिसेकंद. थोडा नॉइज दिला तरी बहुतेक रन तेवढ्यातच संपतात, पण मधेच एखादा रन सेकंदावर सेकंद जातात तरी संपतच नाही, आणि या मोजक्या रन्समुळे सरासरी चढते.

एक्स्टर्नल सरांनी टेबल बघितलं, पेनने त्या लांब रीडिंग्जवर गोल केले आणि म्हणाले, "हे सर्किट अडकल्याचे आउटलायर आहेत, हे काढ आणि परत ॲव्हरेज घे." तिने तिथेच कॅल्क्युलेटरवर घेतलं, सरासरी पुन्हा मिलिसेकंदांवर. मग म्हणाली, "सर, हे काढले की प्रोजेक्टच उरत नाही."

आणि मग तिने जे समजावलं ते मी स्वतः इतकं स्वच्छ कधी सांगितलं नव्हतं. कण माथ्याच्या पलीकडून सुटतो, म्हणून नॉइजशिवाय तो पळणारच. नॉइज त्याला कधीतरी मागे ढकलून खड्ड्यात पाडतो, आणि नॉइज कमी असेल तितकी ही शक्यता झपाट्याने घटते. पण एकदा पडला की तोच कमी नॉइज त्याला बाहेर काढायला प्रचंड वेळ घेतो, आणि १.५ च्या अलीकडून सोडलं असेल तर शक्यता आणि वेळ यांच्या गुणाकारात हा वेळ जिंकतो. म्हणजे क्वचित येणारे लांब रन हाच परिणाम. नॉइज फार वाढवला तर खड्ड्यात पडलेलाही लगेच बाहेर फेकला जातो, म्हणून सरासरी उतरते.

सर गप्प बसले नाहीत, आणि हे मला आवडलं. म्हणाले, "मग मीडियन काढ." मीडियन म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं रीडिंग. काढला, तो नॉइज दिल्यावरही जवळपास हललाच नाही. "बघ, बहुतेक कण आधीसारखेच पळतायत, स्थिर काय झालं?" याला तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि मला अजून पूर्ण पटेल असं सापडलेलं नाही. थिअरीत व्याख्याच सरासरी वेळेची आहे, ठीक, पण तिचा टायमर एका मर्यादेला रन तोडतो, कारण बॅटरी उतरली की झेनरचा नॉइजच बदलतो. म्हणजे सगळ्यात लांब रन्स खरे त्याहून लांब होते आणि आपली सरासरी कमीच पडतेय.

मार्क चांगले मिळाले. पण आउटलायर खोडायची सवय आपण बीएस्सीपासून मुलांच्या हाताला लावतो, पेंड्युलमच्या प्रॅक्टिकलपासूनच, ग्राफ सरळ आला पाहिजे म्हणून, याचा मला मनापासून राग आहे.

सरांच्या "सर्किट अडकतं" ला मात्र नीट उत्तर द्यायलाच हवं. कॅपॅसिटर १.५ च्या बराच पलीकडून सोडला तर नॉइज शून्याकडे नेताना सरासरी मूळ मिलिसेकंदांवर परत यायला पाहिजे, तिथे खड्ड्यात पडण्याची शक्यता त्या लांब वेळेपेक्षा जास्त वेगाने मरते. सर्किटच अडकत असेल तर तिथूनही लांब रन तसेच येत राहतील. परीक्षा संपली तरी मुलगी तेच घ्यायला लॅबमध्ये येतेय, नवीन बॅटऱ्या आणल्यात, आणि या वेळी टेबलात मर्यादेला तुटलेला रन वेगळ्या खुणेने लिहायचा असं आम्ही ठरवलंय.