वाढत्या अंगाची गाडी नको

आपल्याकडे पोरांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत आहे. युनिफॉर्म, स्वेटर, बूट, सगळं दोन वर्षं तरी पुरलं पाहिजे, म्हणून बाही दुमडायची, बुटात कापूस घालायचा. मीही हेच करते आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. पण इंजिन किंवा मोटार लावलेली गाडी वाढत्या अंगाची घ्यायची नाही, हे मी दिवाळीपासून भेटेल त्याला सांगतेय. शेवटी म्हटलं लिहूनच काढावं, कारण मळ्यावर राहणाऱ्या आणि सुट्टीला मळ्यावर जाणाऱ्या बऱ्याच घरांत आता हा विषय निघायला लागलाय.

झालं असं, की भाऊबीजेला आम्ही माहेरी गेलो, निफाडकडे, आणि दादाने शंभूसाठी म्हणजे माझ्या सात वर्षांच्या पोरासाठी एटीव्ही आणून ठेवलेली. रिसॉर्टवर असते ना जाड टायरची चारचाकी, तिचंच जरा लहान रूप, ११० सीसी, ऑनलाइन मागवलेली, लाल रंगाची. पोरगं तर नाचायलाच लागलं. दादा म्हणाला, "ताई, चार चाकं आहेत, पडायचा प्रश्नच नाही, सायकलपेक्षा सेफ. आणि बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत पुरेल." दादाचं भाच्यावर किती प्रेम आहे ते मला माहितीये, त्यामुळे तिथल्या तिथे नाही म्हणायला फार जड गेलं. पण मी नाही म्हटलं.

कारण त्याच्या आदल्या मे महिन्यात एका रिसॉर्टवर मी एक गोष्ट डोळ्यांनी बघितली होती. शंभूच तशा गाडीवर बसलेला, वेग फारसा नव्हता, समोर टायरची भिंत आली आणि तो घाबरला. घाबरल्यावर मूल काय करतं, तर हातात जे असेल ते घट्ट आवळतं. एटीव्हीला ॲक्सिलरेटर अंगठ्याखाली असतो. म्हणजे थांबायचं होतं आणि त्याने अंगठा अजून दाबला. टायरवर आपटून गाडी थांबली, हनुवटीला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. पण मी तेव्हापासून हे डोक्यात ठेवलंय की गाडी निवडताना मूल शहाण्यासारखं वागेल असं धरायचंच नाही, ते घाबरलंय असं धरून गाडी बघायची. दुचाकीलाही हेच आहे, गाडी पुढे झटकली की पोर मागे जातं आणि मूठ धरून ठेवायच्या नादात ती आणखी पिळली जाते.

आता चार चाकांचं. चार चाकं म्हणजे पडत नाही हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि तो मलाही होता. मोटरसायकल पडते ती आडवी पडते, मूल बाजूला पडतं. एटीव्ही उलटते आणि ती चालवणाऱ्याच्या अंगावर येते. आमच्याकडे आलेली ती गाडी शंभर किलोला टेकलेली होती, आणि शंभू तेवीस किलोचा. शिवाय बऱ्याच एटीव्हीला मागच्या दोन्ही चाकांचा आस एकच, डिफरेन्शियल नसतो, त्यामुळे वळताना आतलं आणि बाहेरचं चाक सारख्याच वेगाने फिरतं आणि गाडी सरळ जायला बघते. ती वळवायची तर चालवणाऱ्याने अंग आतल्या बाजूला टाकावं लागतं. तेवीस किलोच्या पोराने अंग टाकलं काय आणि नाही टाकलं काय, शंभर किलोला काय फरक पडणार? अजून एक म्हणजे सायकलची सवय असलेली पोरं तोल गेला की पाय खाली टेकवतात, आणि एटीव्हीवर पाय खाली आला की मागचं चाक त्याच पायावर चढतं.

अमेरिकेत शेतावर, रानात पोरं हे प्रकार कितीतरी वर्षं चालवतायत, आणि तिथे काय काय झालं ते वाचलं की अंगावर काटा येतो. आधी तिथे तीनचाकी मिळायच्या, त्या इतक्या उलटायच्या की १९८८ मध्ये कंपन्यांना सरकारबरोबर समझोता करून नव्या तीनचाकींची विक्री थांबवावी लागली. आता तिथे चारचाकीवर वयाचं लेबल असतं, सीसी बघून नाही तर वेग बघून. सहा वर्षांच्या मुलाच्या गाडीचा वेग जास्तीत जास्त ताशी १५ मैल, म्हणजे साधारण २४ किलोमीटर, आणि लिमिटर लावून तो १० मैलांवर आणता आला पाहिजे. आणि एवढं सगळं असूनही तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं, म्हणणं आहे की १६ वर्षांखालच्या मुलाने एटीव्ही चालवूच नये. हे वाचून दाखवल्यावर दादा गप्प झाला. त्या गाडीला रिमोट होता, मोठ्या माणसाने लांबून बटण दाबलं की इंजिन बंद, तो त्याने मला दाखवला. पण इंजिन बंद होणं म्हणजे ब्रेक लागणं नाही ना, उतारावर ती बंद पडूनही गडगडत जाणारच, आणि आमच्या मळ्याला उतार आहे विहिरीकडे.

गाडी परत गेली. शंभू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ते मला लागलं, पण चालेल.

मग मी आणि दादाने मिळून शोधायला घेतलं, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवली की आधी पोराची मापं घ्यायची, मग गाडी बघायची. टेलरकडे जातो तसं. बूट घालून उभं करून पायाच्या आतल्या बाजूची उंची, वजन, बोटांची लांबी, डोक्याचा घेर. सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे, टाचांसकट, जमिनीला टेकले पाहिजेत. मोठी माणसं चवड्यावर भागवतात, पोरांना ते नाही चालत, कारण पहिले कित्येक दिवस त्यांचे पाय हाच त्यांचा खरा ब्रेक असतो. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं मूठ न सोडता पोचली पाहिजेत. आणि पडलेली गाडी पोराला स्वतःला, थोडी मदत लागली तरी, उभी करता आली पाहिजे. ह्या तीन गोष्टी बसल्या नाहीत तर पुढचं काही विचारायचंच नाही, रंग नाही, सीसी नाही, किंमत नाही.

भारतात कावासाकीची केएलएक्स ११० बघितली, गाडी फार सुंदर आहे, पण सीट ६८० मिलिमीटर उंच, वजन ७६ किलो आणि गिअर बदलायचे. बारा-तेरा वर्षांच्या, आधी चालवलेल्या पोराची गाडी आहे ती, सात वर्षांच्या नवख्याची नाही. परदेशात यामाहाची पीडब्ल्यू ५० म्हणून छोटी गाडी ऐंशीच्या दशकापासून पोरांना शिकवायला वापरतात, तिच्यात मला एक गोष्ट फार आवडली, मुठीपाशी एक स्क्रू आहे, तो जितका आत घ्याल तितकी मूठ कमी फिरते. आईबापाने एकदा स्क्रू लावला की पोराने कितीही पिळली तरी गाडी पळत नाही. पेट्रोलची कुठलीही गाडी बघणार असाल तर ही सोय आहे का ते आधी विचारा.

शेवटी आम्ही बॅटरीवाल्यावर आलो. कारणं साधी आहेत. क्लच नाही, गिअर नाही, म्हणजे पोराचं लक्ष ब्रेकवर आणि समोर राहतं. पिंडरीला चटका द्यायला तापलेला सायलेन्सर नाही. आणि आवाज नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं, मी "थांब" म्हटलं की त्याला ऐकू जातं. डिसेंबर २०२५ मध्ये हिरोच्या विडाने डर्ट.ई के३ म्हणून चार ते दहा वर्षांच्या पोरांसाठी गाडी काढली, साधारण सत्तर हजारांची. सत्तर हजार म्हणजे थोडे पैसे नाहीत, आम्ही दोघा भावंडांनी मिळून घेतली, तीही दादाच्या मुलीला पुढे होईल म्हणून. वजन २२ किलोच्या आसपास, सीटची उंची तीन पायऱ्यांत बदलते, वेगाचे तीन मोड आहेत आणि वरचा मोडसुद्धा ताशी २५ किलोमीटरवर संपतो. म्हणजे वाढत्या अंगाचं हवंच असेल तर ते असं हवं, आज आजच्या मापाची आणि पोर वाढलं की तिला वाढवायची. वापरलेली घेणार असाल किंवा दुसरी कुठली, तर दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा, चेनवर पूर्ण झाकण आहे का बघा, आणि मनगटाला बांधायची दोरी असते, पोर पडलं की ती ओढली जाऊन मोटर बंद होते, ती आहे का आणि खरंच बंद होते का ते स्वतः ओढून बघा.

रस्त्यावर कुठे चालवायची, असं मला तीन जणांनी विचारलं. कुठेच नाही. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली बॅटरीची गाडीच फक्त लायसन्स-पासिंगमधून सुटते, ह्या गाडीची मोटर ५०० वॅटची आहे आणि ती रस्त्यासाठी बनवलेलीच नाही. मळ्याकडे जाणारा पाणंद रस्तासुद्धा रस्ताच, तिथून ट्रॅक्टर जातात, द्राक्षाच्या पिकअप जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण खरं सांगायचं तर दंडापेक्षा तो पिकअपवाला मला जास्त दिसतो, त्याला बोनेटच्या खालचं एवढंसं पोर दिसणारच नाही.

आता जागा. ह्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही आणि माझ्या मते अर्धी सुरक्षितता जागेत आहे. मळा मोकळा दिसतो पण गाडीवरच्या पोरासाठी तो किती धोक्याचा आहे ते बघायला मी आणि दादा एक दिवस गुडघ्यावर बसून, पोराच्या उंचीवरून फिरलो. द्राक्षबागेच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला ताणाची तार जमिनीत गाडलेली असते, तिरपी, गंजलेली, मातीच्याच रंगाची, आणि ती बरोबर पोराच्या गळ्याच्या उंचीवर येते. मोठ्या माणसाला ती माहीत असते म्हणून तो वाकून जातो. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद, त्याच्यावर घसरलेलं पोर स्वतःहून वर येऊ शकत नाही. विहिरीला एका बाजूला कठडा नाही. ड्रिपच्या नळ्या, डुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार. बागेत गाडी नाही, हे त्याच दिवशी ठरलं. घरामागचा दहा गुंठ्यांचा पडीक तुकडा आहे, सपाट, त्यातले दगड वेचले, चारी बाजूंनी द्राक्षाचे रिकामे क्रेट लावले. प्लास्टिकचा क्रेट धडकला तर सरकतो. टायर नाही लावले, कारण टायरवर काय होतं ते मी बघितलं होतं.

गाडीच्या आधी हेल्मेट आलं. भुवयांच्या वरून टेप फिरवली, ५१ सेंटिमीटर. दुकानदार म्हणाला एक साइज मोठं घ्या, वर्षभरात होईल. परत तेच वाढतं अंग! हेल्मेट मोठं असेल तर आपटल्यावर ते फिरतं, डोळ्यांवर येतं, निघूनही जातं. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, पट्टा लावून मागून वर ढकललं तरी डोक्यावरून निघता कामा नये. जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट दुचाकीसाठी विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला ती टांगलेली असतात, घेऊ नका. आणि वजन करून बघा, आम्ही तीन हेल्मेटं काट्यावर ठेवली आणि त्यातलं सगळ्यात हलकं घेतलं, लहान मुलाची मान केवढी असते. गॉगल, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्या-कोपराचे गार्ड. हे घातल्याशिवाय चावी नाही. चावी माझ्याकडे किंवा दादाकडे, तिसऱ्या कोणाकडे नाही, आजोबांकडेही नाही, कारण आजोबा नातवाला नाही म्हणू शकत नाहीत.

पहिल्या रविवारी गाडी चालूच केली नाही. ढकलत नेली, आडवी पाडली, उचलली, परत पाडली. दुसऱ्या रविवारी सगळ्यात कमी मोडवर फक्त चालू आणि थांब, चालू आणि थांब, मी शेजारून पळतेय. तिसऱ्या वेळी क्रेटमधून इंग्रजी आठचा आकडा. वीस-पंचवीस मिनिटांनी बंद, त्याला हवं असलं तरी बंद, कारण पोरं दमली की पडतात आणि दमलोय हे त्यांना कळत नाही. चुलत-मामे भावंडं जमली की एका वेळी एकच, मागे कोणी बसायचं नाही, बाकीचे क्रेटच्या बाहेर खाटेवर. शंभू आत्तापर्यंत चार वेळा पडलाय, चारही वेळा उठून त्याने गाडी स्वतः उचलली, चौथ्या वेळी तर मी तिथपर्यंत पोचायच्या आतच.

एक गोष्ट सांगायची राहिली. शंभूला आधीपासून साइडच्या चाकांशिवाय सायकल येत होती, हाताचे ब्रेक लावता येत होते, म्हणून हे सगळं महिनाभरात बसलं. ज्याला सायकल येत नाही त्याला मोटारवाली देऊच नका, तोल आणि वेग दोन्ही एकदम शिकणं फार होतं त्या जिवाला. दादाची धाकटी आता साडेचार वर्षांची आहे, शंभूदादा चालवतो म्हणून तिलाही हवीये, रोज रडते. पुढच्या रविवारी तिच्या सायकलची पेडल काढणार आहोत, सीट खाली घेणार, म्हणजे ती पायाने ढकलत तोल शिकेल. दादाला फोनवर सांगितलंय की डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावून आटा खराब करू नकोस, पाना मी घेऊन येते.