इतर अधिकाराचा रकाना

सप्टेंबर 2022 मधली गोष्ट आहे. मी कंपनी सेक्रेटरी म्हणून स्वतंत्र व्यवसाय करते. त्या आठवड्यात माझ्याकडे पुण्यातील एका मराठी वृत्तसंकेतस्थळाच्या कंपनीची तपासणी आली होती. मुंबईतील एका माध्यम कंपनीला तिचे 51 टक्के शेअर विकत घ्यायचे होते आणि पैसे मोजण्यापूर्वी विकणाऱ्याच्या हातात खरोखर काय आहे, हे त्यांना कागदांवरून समजून घ्यायचे होते. आमच्या व्यवसायात या कामाला ड्यू डिलिजन्स म्हणतात. मी मनातल्या मनात त्याला सातबारा काढणे म्हणते, कारण कब्जा एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि बोजा तिसऱ्याचा हा प्रकार शेतजमिनीइतकाच कंपन्यांतही सापडतो.

नारायण पेठेतल्या त्यांच्या कचेरीत मी सकाळी दहाला पोहोचले. संस्थापक-संपादकांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही. 60 टक्के माझे, 40 टक्के बायकोचे. तिसरा माणूस नाही." सभासद नोंदवहीही हेच सांगत होती. दहा रुपयांचे 10,000 शेअर, म्हणजे एक लाख रुपयांचे भागभांडवल, आणि दोनच नावे. दुपारच्या गाडीने घरी जाता येईल, असे मला तेव्हा वाटले.

पहिला खडा लागला तो तारखेचा. संकेतस्थळाच्या माथ्यावर 'स्थापना 2003' असे अभिमानाने छापलेले होते. कंपनीच्या 21 अक्षरी ओळख क्रमांकात नोंदणीचे वर्ष चार अंकांत गुंफलेले असते, आणि ते होते 2009. संपादकांना त्यात काही वावगे वाटले नाही. आधी हौसेने सुरू केले, जाहिराती येऊ लागल्यावर कंपनी काढली, इतकेच. परंतु 2003 मध्ये जे उभे राहिले ते 2009 मध्ये कंपनीकडे कोणत्या कागदाने आले, या प्रश्नाला उत्तर नव्हते. हस्तांतराचा करार झालाच नव्हता. मग मी हिशेबनिसांकडून तेरा वर्षांची खर्चाची खाती मागवली. सर्व्हरची बिले होती, छायाचित्रांच्या वर्गणीची बिले होती, पण डोमेनच्या नूतनीकरणाचे एकही बिल कुठल्याच वर्षी नव्हते. संकेतस्थळ तर चालू होते. म्हणजे ते पैसे दरवर्षी कोणीतरी दुसरेच भरत होते.

डोमेन म्हणजे निव्वळ पत्ता, त्याची एवढी काय मातब्बरी, असे अनेकांना वाटते. रेडिफने 1996 मध्ये मुंबईतून आपले संकेतस्थळ सुरू केले आणि पुढे 'रॅडिफ' अशा मिळत्याजुळत्या नावाने डोमेन घेणाऱ्यांविरुद्ध ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. 1999 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की डोमेन हे इंटरनेटवरील पत्त्यापेक्षा अधिक काही असते आणि त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळायला हवे. वृत्तसंकेतस्थळाकडे छापखाना नसतो, यंत्रे नसतात. वाचक बोटाने टंकतो ते नाव हीच त्याची जमीन. येथे ती जमीन संपादकांच्या वर्गमित्राच्या वैयक्तिक खात्यावर होती. त्याने 2003 मध्ये हौसेने ते नाव घेऊन दिले होते आणि आता तो न्यू जर्सीत राहत होता.

त्याला संध्याकाळी फोन करायचे ठरले आणि मी ताळेबंदाकडे वळले. दीर्घ मुदतीच्या कर्जांत 60 लाखांचे एक विनातारण कर्ज होते. त्याखालच्या टिपेत, वाचणाऱ्याची नजर सहज घसरावी अशा जागी, 'परिवर्तनीय' हा एकच शब्द होता. मी करार मागितला. संपादक म्हणाले, "ते उसने आहेत हो. 2016 मध्ये जाहिराती आटल्या तेव्हा एका ओळखीच्या कंपनीने दिले." फाइल यायला अर्धा तास लागला. करारात लिहिले होते, की सात वर्षांच्या आत कर्ज देणारी कंपनी हवे तेव्हा संपूर्ण रकमेचे शेअर मागू शकेल, आणि तेही दर्शनी किमतीला, म्हणजे दहा रुपयांना. मी कागदाच्या कडेला गणित मांडले. 60 लाखांचे 6,00,000 शेअर, आधीचे 10,000. म्हणजे कर्ज देणाऱ्याकडे 98 टक्क्यांहून अधिक, आणि या पतिपत्नींकडे मिळून दोनसुद्धा नाहीत. मुदत संपायला सहा महिने उरले होते.

एनडीटीव्हीची बातमी तेव्हा जेमतेम महिन्याची होती. त्या वाहिनीच्या संस्थापकांच्या आरआरपीआर या कंपनीने 2009 मध्ये विश्वप्रधान कमर्शियल या कंपनीकडून 403.85 कोटी रुपयांचे कर्ज घेतले आणि बदल्यात तिला वॉरंट, म्हणजे पुढे हवे तेव्हा शेअर मागण्याचा हक्क, दिले. ते वापरले तर आरआरपीआर जवळजवळ संपूर्णपणे धनकोच्या मालकीची होणार होती. 23 ऑगस्ट 2022 रोजी अदानी समूहाने ती धनको कंपनीच विकत घेतली आणि आरआरपीआरकडे असलेल्या एनडीटीव्हीच्या 29.18 टक्के हिश्शाकडे जाणारा रस्ता तिच्यातून खुला झाला. संपादकांनी या प्रकरणावर दोन अग्रलेख लिहिले होते. मी ते गणित त्यांच्यापुढे सरकवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर चष्मा काढून त्यांनी इतकेच विचारले, "हिला सांगितले पाहिजे का?" भागधारक म्हणून त्या बाईंना ते कळणे हा त्यांचा हक्कच होता, आणि सही तर त्यांचीही होती.

एक फट मात्र होती. कंपनी कायदा 2013 च्या कलम 62 नुसार कर्जाचे शेअरमध्ये रूपांतर करण्याची अट घालायची असेल, तर कर्ज घेण्याच्या आधी सर्वसाधारण सभेत विशेष ठराव व्हावा लागतो. इतिवृत्ताच्या वहीत ठराव होता, पण पैसे बँकेत जमा झाल्यानंतर पंधरा दिवसांनी केलेला. आणि तीस दिवसांत कंपनी निबंधकांकडे ठरावाचा जो अर्ज भरायचा, तो भरलाच नव्हता. त्या काळच्या सल्लागाराचा हा निष्काळजीपणा एरवी मी कठोर शब्दांत नोंदवला असता. त्या दिवशी या कुटुंबाच्या हातात तेवढेच एक हत्यार आहे, हे दिसत होते. तरी माझे अशील खरेदीदार होते; मी दोन्ही तारखा जशाच्या तशा लिहिल्या आणि पुढचे वकिलांवर सोडले.

संध्याकाळी साडेसातला, तिकडे सकाळचे दहा वाजले असताना, वर्गमित्राचा फोन लागला. "अरे, ते अजून माझ्याच नावावर आहे होय? कार्डातून दरवर्षी काहीतरी कापले जाते खरे," असे म्हणून तो मोकळेपणाने हसला. त्याने काहीही मागितले नाही. एका पानाचे हस्तांतरपत्र मी तिथेच लिहून दिले आणि रात्री त्याच्याकडून डोमेन हस्तांतरासाठी लागणारा संकेतांक आला.

कर्जाचा निकाल लागायला पुढे चार महिने गेले. ठरावाच्या तारखेमुळे धनको कंपनीने रूपांतराचा आग्रह सोडून मुद्दल आणि व्याज घेतले. ते खरेदीदाराने भरले आणि 51 ऐवजी 74 टक्के शेअर घेतले. संपादकांकडे आणि त्यांच्या पत्नीकडे मिळून 26 टक्के राहिले. करारनाम्यात स्थापनेचे वर्ष कोणते लिहायचे, यावर शेवटच्या बैठकीत पुन्हा अर्धा तास गेला आणि अखेर दोन्ही वर्षे लिहिली गेली.